चौदा तास अंधार

२ ऑगस्ट

पुष्पप्रेमी मंडळाचं पत्र आलं, हिच्या नावानं. ही जाऊन अडीच वर्षं झाली, मंडळाला तेव्हाच कळवलं होतं, पण त्यांच्या वहीत माणूस एकदा चढला की उतरत नाही. मजकूर असा: आपण चार वर्षांपूर्वी नोंदवलेल्या नव्या शेवंतीचं (रोप क्रमांक आठ) फूल अद्याप प्रदर्शनात मांडलेलं नाही. नियमानुसार यंदाचं वर्ष शेवटचं. २४ नोव्हेंबरला फूल न दाखवल्यास नोंद रद्द होईल.

खाली चिटणिसांनी स्वतःच्या हातानं एक ओळ लिहिली आहे: 'रोप वांझ असावं. मनाला लावून घेऊ नये.'

मी मनाला लावून घेतलं. म्हणून ही वही. हॉस्पिटलच्या डार्करूमचं हे कोरं रजिस्टर, निवृत्तीच्या दिवशी कुणाला नको होतं म्हणून घरी आणलेलं. एकतीस वर्षं एक्स-रेच्या फिल्म धुतल्या आणि रोज नोंद ठेवली: पाणी किती गरम, फिल्म किती, वाया किती. नोंद नसली की मला काम झाल्यासारखं वाटत नाही.

तर पहिली नोंद. हिनं दोन शेवंत्यांचा संकर केला होता. एकीचे पराग रंगाच्या ब्रशनं दुसरीवर लावले, बी धरलं, त्यातून आठ रोपं आली. सात पहिल्याच वर्षी फुलली. सगळी साधीच निघाली, हिनं शेजाऱ्यांना वाटून टाकली. आठवं तेव्हा बोटभर होतं. त्यानंतर ते गुडघ्यापर्यंत वाढलं, पानं अशी की बघत राहावं, पण कळी म्हणून नाही. रंग कोणता ते हिनंही पाहिलेलं नाही.

५ ऑगस्ट

वाचनालयातून शेवंतीवरचं पुस्तक आणलं. शेवंती फुलते ती रात्र मोठी झाल्यावर. नुसती मोठी नाही, सलग. तेरा-चौदा तासांचा अंधार रोज, मध्ये खंड नको. खंड पडला की झाड समजतं अजून उन्हाळाच आहे, आणि पानं काढत बसतं.

संध्याकाळी जेवण झाल्यावर कुंडीशेजारी खुर्ची टाकून बसलो. घरातला एकही दिवा लावला नव्हता. गॅलरीत बसून अख्खा पेपर वाचला, छोट्या जाहिरातींसकट. समोरचा रस्त्यावरचा पांढरा दिवा लागून चार वर्षं होतील. बाकीची सात फुलून गेल्यावर, त्याच हिवाळ्यात लागला.

रोप वांझ नाही. त्याला चार वर्षांत रात्रच मिळालेली नाही.

९ ऑगस्ट

तंबू आणला, जुना. घरात भाजीपाला पिकवायचा म्हणून लोक घेतात तसला, कपाटाएवढा, बाहेरून काळा, आतून चंदेरी, पुढं चेन. विकणाऱ्यानं त्यात कोथिंबीर लावून पाहिली होती आणि कंटाळला होता. म्हणाला, "आतला उजेड बाहेर जात नाही." मी विचारलं, "आणि बाहेरचा आत?" तो म्हणाला, "त्यानं काय होतंय काका?" डार्करूममध्ये असा माणूस मी तासभरही ठेवला नसता.

मागच्या खोलीत तंबू उभा केला. हिचं शिलाई मशीन भिंतीला सरकवलं. सूनबाईनं दांड्या धरल्या. "बाबा, इकडे वर की खाली?" एवढंच बोलली. मुलगा बोटीवर असतो, डिसेंबरात येईल. तोवर घरात आम्ही दोघं. आमचं भांडण नाही, पण बोलणंही नाही. ती फुलांच्या घाऊक व्यापाऱ्याकडे नोकरी करते, म्हणजे फोनवर ऑर्डरी लिहून घेते. फुलांतलं तिला काही कळत असेल असं नाही.

ठरवलं ते असं: सकाळी सात ते संध्याकाळी पाच आतला दिवा, टायमरवर. पाच ते सात अंधार. चौदा तास.

१० ऑगस्ट

आजचा दिवस लिहून ठेवण्यासारखा.

सकाळी सहाला मागच्या खोलीतले सगळे दिवे लावले, पडदे उघडले, स्टूल घेऊन तंबूत शिरलो आणि चेन आतून ओढून घेतली. सुरुवातीला काही दिसत नाही. नवे लोक इथंच फसतात. दोन मिनिटं बसतात आणि म्हणतात, काळोख आहे. डोळ्यांना वीस मिनिटं द्यावी लागतात. मी वीस दिली.

मग एकेक दिसायला लागलं. चेनच्या दातांतून बारीक रेघ, वरपासून खालपर्यंत. शिवणीवर टाके तिथं तिथं टाचणीएवढे ठिपके. वायर आत येते त्या बाहीतून पट्टा. खालच्या जाळीच्या झडपेतून तर चांगला कवडसाच. प्रत्येकाला खडूनं गोल केला. मोजले, त्रेचाळीस.

बाहेर आलो तेव्हा सूनबाई दारात उभी होती. म्हणाली, "बाबा, तासभर आत होतात. बरं वाटतंय ना?" मी म्हटलं, "त्रेचाळीस." तिनं चहा ठेवला.

फार दिवसांनी असं झालं की मला जे येतं ते कुणाला तरी हवं होतं. भले मलाच.

१३ ऑगस्ट

वायरमनची टेप लावू नये. दिव्याच्या उबेनं सुटते, कडा गुंडाळतात. कापडी काळी टेप घेतली. आत आणि बाहेर दोन्हीकडून, बोटानं नव्हे, चमच्याच्या पाठीनं दाबून. पंख्याच्या बटणावर हिरवा ठिपका पेटतो, तोही झाकला. तीस भोकं बंद.

चेनवर टेप लावता येत नाही, रोज उघडायची असते. तिथं काळ्या जाड कापडाचा दुहेरी पदर हवा. सूनबाईनं विचारलं, "लांबी किती?" आणि हिच्या मशीनवर शिवून दिला. मशीन अडीच वर्षांनी चाललं. आवाज ऐकून मी गॅलरीत गेलो आणि तो थांबेपर्यंत तिथंच उभा राहिलो. गॅलरीत काही काम नव्हतं.

शिलाई बरी आहे. एका ठिकाणी दोरा सैल.

१७ ऑगस्ट

चूक झाली. उत्साहाच्या भरात हवेच्या झडपाही बंद केल्या. आज चेन उघडली तर आतून वाफ आली. भिंतींना पाणी सुटलेलं, आठ नंबरची खालची चार पानं काळी. ती खुडली.

हवा हवी आणि उजेड नको. हा प्रश्न डार्करूममध्ये मी स्वतः सोडवला होता. उजेड सरळ जातो, हवा वळते. पाइपाला दोन काटकोन द्यायचे आणि आतून काळा रंग मारायचा. हवा वळून आत येते, उजेड पहिल्याच कोपऱ्यावर मरतो. दुपारभर बसून असे दोन पाइप केले, एक खाली, एक वर पंख्याला. संध्याकाळी आतल्या भिंती कोरड्या.

कपडे रंगानं खराब झाले. सूनबाईनं न बोलता उचलून भिजत टाकले.

२२ ऑगस्ट

डोळ्यावर विसंबून चालत नाही, पुरावा लागतो. माझ्याकडे एक्स-रे फिल्मचं एक डबडं आहे, मुदत संपलेलं, फ्रिजमध्ये लोण्याच्या मागे ठेवलेलं. त्यातली एक फिल्म तंबूत ठेवली, वर एक नाणं. सगळीकडचे दिवे लावून दोन तास तशीच ठेवली. कुठून उजेड येत असेल तर फिल्म काळवंडते आणि नाण्याखाली पांढरा गोल उरतो.

बाथरूमचं दार लावून, फट बुजवून धुतली. रसायनांचा वास नाकात गेला तसा मी पंचेचाळीस वर्षांचा झालो. फिल्म उचलून पाहिली. नाणं कुठं होतं ते मलाही सांगता येईना. एकसारखी, स्वच्छ.

त्रेचाळीसचे शून्य झाले.

दार उघडलं तर सूनबाई टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर उभी. तिला कामावर उशीर झाला होता. मी फिल्म दाखवली. ती म्हणाली, "यात काही दिसत नाही, बाबा." मी म्हटलं, "तेच तर." तिनं फिल्म पुन्हा हातात घेतली आणि खिडकीशी धरून नीट पाहिली. मग पळत आंघोळीला गेली.

३० ऑगस्ट

रोज संध्याकाळी साडेसहाला तपासणी. हॉस्पिटलचा माझा जुना लाल दिवा घेऊन तंबूत जातो. लाल उजेडाची भीती नाही. एकतीस वर्षं लाल दिव्याखाली फिल्म हाताळल्या, एकही खराब झाली नाही. पदर नीट पाडला की नाही, पाइप हलले का, माती किती ओली, एवढं बघतो. तपासणीला साधारण पाऊण तास लागतो.

सूनबाई हल्ली स्वयंपाकघरात दार लावून जेवते. दाराखाली फडकंही सारते. पॅसेजचा दिवा तर तिनं तीन आठवडे लावलेला नाही, भिंतीला हात लावत जाते. काटकसरी मुलगी आहे. की माझ्यासोबत जेवायचं नाही, कोण जाणे.

१२ सप्टेंबर

तीन आठवडे झाले. पुस्तकाप्रमाणे आज शेंड्याला मोहरीएवढी कळी दिसायला हवी. शेंड्याला पानं आहेत. नवी, कोवळी, निरोगी पानं.

औषधाच्या दुकानात चिटणीस भेटले. "काय म्हणतंय तुमचं रोप?"

"वेळ आहे अजून."

"अहो, मी चाळीस वर्षं शेवंती लावतोय. काही रोपं असतातच तशी. वहिनींना वाईट वाटेल म्हणून मी तेव्हा बोललो नाही."

मी म्हटलं, "तिला वाईट वाटलं नसतं. तिनं तुम्हाला कारण विचारलं असतं." आणि गोळ्या न घेताच घरी आलो.

पुन्हा फिल्म लावली. स्वच्छ. अंधार पूर्ण आहे. मग कळी का नाही? आज पहिल्यांदा वाटलं की चिटणिसांचं बरोबर असेल.

१५ सप्टेंबर

तपासणी चालू असताना बाहेरून टकटक झाली. सूनबाई म्हणाली, "बाबा, तुम्ही आत दिवा लावलाय?"

"लाल आहे," मी आतूनच सांगितलं.

"लाल चालत नाही, बाबा."

मी बाहेर आलो. ती अंधारात भिंतीला टेकून उभी होती. म्हणाली, "आमच्याकडे शेवंती देणारे एक शेतकरी आहेत, त्यांना विचारलं मी आज. त्यांना फुलं उशिरा हवी असतात तेव्हा ते शेडमध्ये संध्याकाळनंतर मुद्दाम दिवे लावतात. लाल. थोडा वेळ लावले तरी पुरतात म्हणाले. तेवढ्यानं झाडाची रात्र मोडते."

"फिल्मचा पुरावा आहे माझ्याकडे."

"फिल्मचा आहे, बाबा. झाडाचा नाही."

मी आवाज चढवला. एकतीस वर्षं मी काय केलं ते सांगितलं, तिला फोनवर ऑर्डरी घेण्यापलीकडे काय येतं तेही सांगितलं. ते नको होतं सांगायला. ती ऐकून घेऊन म्हणाली, "तुम्ही रोज तिथं बसता म्हणून मी इतके दिवस कुणाला विचारलंच नाही. तुमचा बोलण्याचा आवाज येतो इकडे. मला वाटलं, चालू दे." आणि आत गेली.

मी तपासणी करतो. आवाज कसला येणार? पेपरात काय आलं, कुणाचा फोन आला, असं थोडंफार तोंडातून निघत असेल.

१६ सप्टेंबर

सकाळी तिच्या आधी तयार होऊन दारात उभा राहिलो. म्हटलं, "चल, दाखव तुझा शेतकरी."

व्यापाऱ्याच्या थंड गोदामात तो माल उतरवत होता. रोपाचं सगळं सांगितलं. त्यानं हात पुसले आणि विचारलं, "लाल दिवा रोज? किती वेळ?"

"पाऊण तास."

तो हसला नाही, हे त्याचे उपकार. म्हणाला, "काका, आम्ही वीस मिनिटं लावतो आणि महिना-महिना फूल अडवतो. तुम्ही एकदम पक्कं काम केलंत."

घरी येऊन हिशेब मांडला. सरळ आहे. फिल्मला लाल दिसत नाही, म्हणून मी समजलो की लाल म्हणजे अंधारच. झाडाला नेमकं तेच दिसतं. पहिल्या दिवशी मी त्रेचाळीस भोकं मोजली. चव्वेचाळिसावं मी स्वतः होतो, आणि रोज साडेसहाला चेन उघडून आत जात होतो.

शेतकरी म्हणाला, आजपासून अंधार मोडला नाहीत तर नऊ आठवड्यांत फूल. आजपासून प्रदर्शनापर्यंत एकोणसत्तर दिवस आहेत. नऊ आठवड्यांचे त्रेसष्ट.

लाल दिवा सूनबाईच्या हातात दिला. म्हटलं, "तुझ्या कपाटात ठेव. मी मागितला तरी देऊ नकोस." कालच्या बोलण्याबद्दलही काहीतरी म्हणालो. नीट जमलं नाही. ती म्हणाली, "कळलं, बाबा."

१९ सप्टेंबर

पाच वाजले की पदर पाडायचा आणि तिकडे फिरकायचं नाही. तीन दिवस झाले. साडेसहाला पाय आपोआप मागच्या खोलीकडे वळतात. आज दारापर्यंत गेलो आणि परत आलो. बाहेरच्या खोलीत बसून काय करायचं कळत नाही. पेपर सकाळीच वाचून होतो.

सूनबाईनं विचारलं, "आज काय होतं पेपरात?"

"वाचला नाहीस?"

"वेळ कुठे मिळतो? सांगा ना."

सांगितला. पाऊण तास लागला.

२८ सप्टेंबर

जुन्या एक्स-रेंचा गठ्ठा काढला. नावं नसलेल्या, शिकवण्यासाठी बाजूला काढलेल्या फिल्म. सूनबाई एकेक खिडकीशी धरून ओळखायचा प्रयत्न करते. एकीत पोटात किल्ली आहे. ती म्हणाली, "ही कुणी गिळली?" मी म्हटलं, "कुलूप दुरुस्त करणारा होता. दोन्ही हात कामात म्हणून किल्ली दातात धरली, आणि शिंक आली." ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मग मीही. हा किस्सा मी हिला सांगितला होता तेव्हाही ही अशीच हसली होती.

आम्ही आता स्वयंपाकघरातच दोघं जेवतो. दार लावून, फडकं सारून. टेबल लहान आहे पण पुरतं.

८ ऑक्टोबर

सकाळी सात वाजून पाच मिनिटं. शेंडा. मोहरीएवढी.

भिंगातून पाहिली. सूनबाईला हाक मारली, ती दात घासत आली. तिनं पाहिलं आणि ब्रश तोंडात तसाच ठेवून माझा दंड धरला. किती वेळ धरला होता ते लिहीत नाही.

खाली आणखी आहेत. एकूण नऊ.

२० ऑक्टोबर

संध्याकाळी पावणेपाचला पाणी घातलं आणि चेन ओढली तर ती मध्येच निखळली. दात एका बाजूला, ओढायची कडी माझ्या हातात. पाचला दिवा जाणार आणि तंबू सताड उघडा. सूनबाई नुकतीच कामावरून आली होती. एका हाकेत आली, पर्स खांद्यावरच.

"दोन्ही कडा धर," मी म्हटलं. तिनं धरल्या. मी कपडे वाळत घालायचे चिमटे लावत गेलो, वरून खाली. चिमटे अर्ध्यात संपले. सेफ्टी पिना संपल्या. तिनं केसांतल्या पिना काढून दिल्या. त्यावर जाड पांघरूण टाकलं, पण ते घसरायला लागलं, म्हणून ती त्याला पाठ लावून जमिनीवर बसली. मी सुईदोरा घेऊन पांघरूण वरच्या दांडीला टाचत गेलो. पाचला आत टक् झालं. मागच्या खोलीतला दिवा मी आधीच घालवला होता, जाड पडदेही ओढले होते. नंतरचे टाके मी अंधारात घातले. हे मला येतं.

"झालं का, बाबा?"

"झालं. ऊठ आता."

"थांबा, पायाला मुंग्या आल्यात."

दुसऱ्या चेनची सोय उद्या. अंधार मोडला नाही.

१३ नोव्हेंबर

मधली कळी उकलली. पाकळ्यांची टोकं दिसतात. रंग मला सांगता येत नाही. आयुष्य काळ्यापांढऱ्यात गेलं, करड्याच्या वीस छटा मला कळतात, बाकीचं हिचं खातं होतं. सूनबाईला विचारलं. तिनं बराच वेळ पाहिलं. म्हणाली, "बाहेरून ताज्या भाजलेल्या विटेसारखा. आतून पांढरा, पण दुधासारखा नाही. काकडी कापल्यावर असते तसा, किंचित हिरवट."

"हे चांगलं की वाईट?"

"बाबा, मी रोज हजार फुलांच्या ऑर्डरी लिहिते. हे फूल माझ्या यादीत नाही."

२१ नोव्हेंबर

पूर्ण उमललं. पाकळ्या आतल्या बाजूला वळतात आणि टोकाशी पुन्हा उलटतात, त्यामुळे दोन्ही रंग एकदम दिसतात. तळहातापेक्षा मोठं. मधलं एक राखून बाजूच्या कळ्या मी खुडल्या होत्या, पुस्तकात सांगितल्याप्रमाणे. खुडताना जिवावर आलं होतं. बरोबर केलं.

सकाळी सात ते आठ तंबूपुढं बसून होतो. काही बोललो नाही. बघत होतो.

२४ नोव्हेंबर

प्रदर्शन.

बसमध्ये कुंडी मांडीवर घेऊन बसलो. सूनबाईनं फुलाभोवती कागदाचं नळकांडं धरलं होतं. पलीकडच्या बाई वाकून वाकून बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "कुठं मिळतं हे?" सूनबाई म्हणाली, "कुठंच नाही." ते ती ज्या थाटात म्हणाली, तसं मला जन्मात म्हणता आलं नसतं.

सभागृहात लांब टेबलं, प्रत्येक फुलापुढं चिठ्ठी. नव्या जातींचं टेबल शेवटचं, त्यावर तीन रोपं. परीक्षक तिघे. ते आठ नंबरपाशी आले आणि तिथंच थांबले. एकानं चष्मा काढून पुसला. दुसऱ्यानं पाकळी उलटून पाहिली. चिटणीस मागून आले, वाकले, सरळ झाले. मग म्हणाले, "माझी चूक झाली."

मी म्हटलं, "माझीही झाली होती."

नव्या जातींत पहिलं. एकमतानं. लोक जमले, फोटो काढले. अंधाराचं कसं केलं हे कुणीतरी विचारलं आणि मी सांगायला सुरुवात केली. पाइपाच्या दोन वळणांपाशी आलो तेव्हा भोवती पंधरा-वीस माणसं होती, आणि दोघं वहीत उतरवून घेत होती. लाल दिव्याचंही सांगितलं. लपवलं नाही. सगळ्यांत जास्त प्रश्न त्यावरच आले.

मग चिटणीस नोंदवही घेऊन बसले. चार वर्षांपूर्वीचं पान उघडलं. हिचं अक्षर. रोप क्रमांक आठ. मातृरोप, पितृरोप, तारीख. 'रंग' या रकान्यात हिनं लिहिलं होतं: 'बघू.'

मी ते दोनदा वाचलं. चिटणीस म्हणाले, "हे खोडून रंग लिहू ना?" मी म्हटलं, "खोडू नका. पुढं लिहा. जागा आहे." सूनबाईनं विटेचं आणि काकडीचं सांगितलं, त्यांनी तसंच उतरवलं.

"आणि जातीचं नाव?"

याचा मी विचारच केला नव्हता. लोक उभे, चिटणिसांचं पेन तयार. हिचं नाव द्यावं असं कुणीतरी म्हणालं. पण हिला ते आवडलं नसतं. स्वतःच्या नावाची पाटी दारावरसुद्धा नको म्हणायची.  सूनबाई मला म्हणाली, "सावकाश, बाबा."

चिटणिसांना ऐकायला कमी येतं, त्यांच्यापर्यंत पहिला शब्दच पोचला. त्यांनी मान डोलावली, लिहिलं, सही केली, शिक्का मारला आणि मोठ्यानं वाचलं: "शेवंती. जात, सावकाश."

सूनबाईचा चेहरा पडला. ती "नाही, नाही, मी..." म्हणायला लागली. मी तिला थांबवलं. चार वर्षं कळी न धरणाऱ्या झाडाला याहून बरं नाव मला वर्षभर बसूनही सुचलं नसतं.

१९ डिसेंबर

मुलगा आला. संध्याकाळी दार उघडून आत शिरला आणि सवयीनं पॅसेजचं बटण दाबायला गेला. आम्ही दोघं एकदम ओरडलो, "दिवा नको." फूल होऊन गेलंय, आता उजेडानं काही बिघडत नाही, हे दोघांच्याही लक्षात नव्हतं. तो बॅग हातात घेऊन अंधारात उभा. म्हणाला, "घरात नक्की काय चाललंय?" तिनं त्याला सगळं सांगितलं, किल्ली गिळलेल्या माणसासकट. तो माझ्याकडे अधूनमधून बघत होता, मी कुणी नवीन माणूस असल्यासारखा.

६ जानेवारी

फूल सुकल्यावर खोड चार बोटं ठेवून कापलं होतं. सूनबाईनं विचारलं होतं, "मी कापू का?" मी नको म्हटलं, आणि कापलं. आता बुडातून धुमारे आलेत, जाडजूड. आज अकरा काड्या वाळूत लावल्या. दोन त्या शेतकऱ्याला कबूल केल्या आहेत. त्यानं शेडमध्ये लावल्या तर पुढच्या वर्षी 'सावकाश' सूनबाईच्या यादीत येईल आणि ती फोनवर तिच्या ऑर्डरी लिहून घेईल. मंडळाच्या चौघांना घरी तंबू लावायचे आहेत. रविवारी पहिल्याकडे जायचं, उजेड शोधायला. मी स्टूल आणि खडू घेणार. सूनबाई येते म्हणाली. वीस मिनिटं गप्प बसायला तिला जमेल असं वाटत नाही, पण तिचे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत.

दुपारी चिटणीस स्वतः जिना चढून आले. तीन मजले, दम लागलेला. चहा घेतला, हवापाण्याचं बोलले, वाळूकडे बघत राहिले. शेवटी म्हणाले, "एखादी काडी मिळेल का?"

अकरातल्या सगळ्यांत चांगल्या चार आमच्या. पाचवी त्यांना दिली. पाचवीही उत्तम आहे.